पालथी हलगी

फार फार वर्षांपूर्वीची, तुमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावर एक बाजारगाव होतं. गावाच्या मधोमध पार होता, आणि दर बाजारच्या दिवशी एक दवंडीवाला तिथे उभा राहून बातम्या सांगायचा.

त्या गावाची एक रीत होती. दवंडीवाल्याने स्वतः पाहिलेली बातमी हलगी वाजवून सांगायची. नुसती कानावर आलेली असेल, तर हलगी पारावर पालथी ठेवायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, "ऐकलंय, पाहिलेलं नाही." त्यामुळे बहिऱ्या माणसालाही लांबूनच कळायचं, की बातमी पक्की आहे की कच्ची.

आपला दवंडीवाला गुणी होता. आवाज खणखणीत, बोलणं रसाळ. वरच्या गावाला पूर आला, तर हा भिजत जाऊन पाणी बघून यायचा आणि मगच हलगीला हात लावायचा. लोक त्याच्यावर जीव टाकत.

पण माणसांची गंमत बघा. हलगी पालथी पडली, की अर्धी गर्दी उठून चालू लागायची. पाराला लागूनच एक रेवडीवाला बसत असे. तो एकदा म्हणाला, "गड्या, तू हलगी खाली ठेवतोस आणि इथे माझं गिऱ्हाईक उठतं. राहू दे की ती गळ्यात! कोण बघायला जातंय?"

दवंडीवाल्याला आधी रागच आला. मात्र पुढच्या बाजारी उठून जाणाऱ्यांच्या पाठी त्याला दिसल्या, आणि त्या त्याला फार लागल्या. त्या दिवसापासून हलगी गळ्यातून उतरायला उशीर करू लागली. मग ती उतरेनाशीच झाली.

आता पार फुलून जाऊ लागला. पलीकडच्या गावचे लोकही नावेत बसून ऐकायला येत. एकदा त्याने दोन साडूंच्या हाणामारीची बातमी तिखटमीठ लावून सांगितली. साडू बिचारे हातात हात घालून पारावर आले आणि म्हणाले, "अरे, आम्ही भांडलोच नाही!" दवंडीवाला हसून म्हणाला, "मग एवढे लगबगीने का आलात?" गर्दी खो खो हसली, आणि साडू मान खाली घालून परत गेले. पुढे पुढे तर गावचा पाटीलही त्याला वचकून असे. आपलं नाव हलगीवर यायला नको, म्हणून दर सणाला त्याला फेटा पाठवी.

अशात एका सावकाराघरी लग्न निघालं. जेवणावळी उठल्या, आणि कढी प्यायलेल्या माणसांना उलट्या सुरू झाल्या. गाव घाबरलं. रेवडीवाला धावत येऊन दवंडीवाल्याच्या कानाशी लागला, "सकाळी ती कल्हईवाली मुदपाकखान्यात घुटमळत होती म्हणे. तिच्याकडे कल्हईची ती पांढरी पूड असतेच!"

दवंडीवाल्याने हलगी कडाडून वाजवली. "लोकहो, या डोळ्यांनी पाहिलं! कल्हईवालीने कढीच्या पातेल्यात पूड टाकली!"

गावाच्या पितळी भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणारी ही कल्हईवाली एकटी बाई होती. जिभेची फटकळ, पण हाताची चोख. लोकांनी तिचा भाता फाडला, भट्टी लाथेने विस्कटली आणि तिला गाव सोडायला लावलं. निघताना ती दवंडीवाल्यासमोर उभी राहिली.

"तू पाहिलंस?" तिने विचारलं.

सगळं गाव बघत होतं. तो म्हणाला, "पाहिलं."

ती फाटका भाता उचलून वळली. नदी ओलांडून निघून गेली.

दिवस गेले. गावातल्या भांड्यांची कल्हई हळूहळू उडाली, आणि नवी करायला कोणी उरलं नव्हतं. एके दुपारी दवंडीवाल्याची लहानगी लेक ताक प्यायली आणि पोट धरून लोळू लागली. वैद्याने औषध दिलं, पोरीचा डोळा लागला. तेव्हा त्याच्या बायकोने पितळेचं पातेलं उजेडात आणून दाखवलं. आत हिरवट डाग पडले होते.

"कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ताक कळकलंय," ती म्हणाली. "लग्नातली कढीही अशीच कळकली असणार. कल्हईवाली तेच सांगायला गेली होती, भांडी आधी कल्हई करून घ्या म्हणून. सावकारीणबाईच काल बोलल्या. त्यांनी तिला लग्नानंतर ये म्हणून घालवलं होतं." मग ती थांबली. "अहो, तुम्ही खरंच पाहिलं होतंत का?"

दवंडीवाला निजलेल्या लेकीकडे बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की बायकोकडे मान वर करून बघवेना.

पुढच्या बाजारी त्याने हलगी वाजवली. "लोकहो, त्या दिवशी मी काही पाहिलं नव्हतं! मी खोटं बोललो! कल्हईवाली निर्दोष आहे!"

लोक क्षणभर थबकले. कोणाचं भांडण नाही, कोणाची लफडी नाहीत, म्हणताच पांगू लागले. एक म्हातारी तेवढी थांबली. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशीही हलगी वाजवलीस, आजही वाजवतोस. यातलं कुठलं खरं धरू?"

त्याने गळ्यातली हलगी काढली, पारावर पालथी ठेवली आणि तो घरी गेला.

मग त्याने घरातली सगळी भांडी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून नदीपार नेली. कल्हईवालीने त्याला बघून तोंड फिरवलं.

"क्षमा मागायला आलास?"

"हो. आणि भांडी घेऊन आलोय."

"क्षमा तुझ्यापाशीच ठेव," ती म्हणाली. "भांडी दे इकडे."

लखलखीत भांडी घेऊन तो परतला, आणि पारावर बसून सगळ्यांदेखत त्यातलं ताक प्यायला. पुढच्या बाजारीही तेच. कोणी हसलं, कोणी विचारलं, मग एकीने आपलं पातेलं त्याच्या डोक्यावरच्या पाटीत ठेवलं. पुष्कळ काळाने कल्हईवालीची भट्टी पुन्हा गावात पेटली. तरी काही घरांनी तिला शेवटपर्यंत भांडं दिलं नाही. तिथले लोक म्हणत, "दवंडीवाल्याने स्वतः पाहिलं होतं ना!" त्या घरांतली आमटी कळकतच राहिली.

हलगी गावाने दुसऱ्याच्या हाती दिली. आपला दवंडीवाला म्हातारा होईपर्यंत लोकांची भांडी वाहत राहिला. एकदा त्याला नदीला लोंढा येताना दिसला. तो पाराकडे धावत आला आणि जीव तोडून ओरडला. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नव्या दवंडीवाल्याला म्हणाले, "जा रे, तू बघून ये." तो बघून आला, त्याने हलगी वाजवली, आणि मगच गाव उठलं. माणसं वाचली. काठावरची गुरं तेवढी वाहून गेली.

बोध: ऐकलेल्याला जो पाहिलेलं म्हणतो, त्याचं पाहिलेलंही पुढे कोणी ऐकत नाही.