तासभर उभा असलेला वर्ग

मुलींना इंग्रजी शिकवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं, असं संस्थानचे शिक्षणाधिकारी रावबहादूर दाभाडकर चारचौघांत म्हणत. वर्ग बंद करायला त्यांना निमित्तच हवं होतं. म्हणून तपासणीला आले, तेव्हा जाडजूड पुस्तकातला एक अवघड शब्द हुडकून त्यांनी वर्गातल्या अनसूयेपुढे टाकला.

"डिफायन्स! अर्थ सांग आणि उपयोग करून दाखव. चुकलीस, तर उद्यापासून इंग्रजीचा वर्ग बंद!"

शब्द अनसूयेला ठाऊक होता.

"बड्या माणसानं हुकूम सोडावा आणि आपण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून तो धुडकावून लावावा, याला डिफायन्स म्हणतात."

"बरं. आणि उपयोग?"

रावबहादूर 'बसा' म्हणेपर्यंत मुलींनी उभंच राहायचं, असा शाळेचा रिवाज होता. त्या दिवशी ते म्हणायचंच विसरले होते आणि पोरी तासभर ताटकळत उभ्या होत्या.

अनसूया शांतपणे खाली बसली.

"ऊठ आधी!" रावबहादूर कडाडले.

"नाही उठणार."

"माझ्यासमोर हा डिफायन्स?"

"साहेब, उपयोग बरोबर आला हे तुम्हीच सांगितलंत," अनसूया बसल्या जागेवरून म्हणाली. "आता तेवढा शेरा लिहा."

रावबहादुरांनी निमूटपणे शेरेबुकात 'उत्तम' असं लिहिलं. दारापाशी पोचल्यावर त्यांना रिवाज आठवला. "बसा," असं म्हणत ते वळले.

सगळा वर्ग केव्हाच बसला होता.