अकरा बोळकी

एकदा एका कुंभाराने भरसभेत जाहीर केले की, आजपासून माझ्या घरात बायकोही चाकावर बसेल. त्यांच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माती तिने खणायची, चाळायची, तुडवायची, पाणी तिनेच वाहायचे, घडवणारा मात्र पुरुष. सभेत टाळ्या पडल्या. देणारा तोच आणि हारही त्यालाच. तो हार त्याने घरी आणून चाकाजवळच्या खुंटीला अडकवला.

महिना लोटला. त्याची बायको सगुणा काही चाकावर बसली नाही.

तो कष्टी होऊन आपल्या वृद्ध गुरूकडे गेला. "बाबा, मी दिलं, पण तिलाच नको. बायकांनाच समानता पेलत नाही, असं लोक म्हणतात ते खोटं नाही."

"तिला विचारलंस?"

"रोज विचारतो. म्हणते, मी बसले तर माती कोण तुडवणार?"

"मग तू काय म्हणालास?"

"आता यावर काय म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारा काठी टेकत त्याच्या घरी आला, धोतर वर खोचले आणि सगुणा माती तुडवत होती त्या चिखलात सरळ उतरला. "पोरी, हो बाजूला."

शिष्य धावला. "बाबा, लोक बघतायत. हे बायकांचं काम."

"पाणी कमी पडतंय. हंडा घे आणि विहिरीवर जा."

तिसऱ्या खेपेला शिष्याची मान भरून आली. परत आला तर सगुणा हात पुसून चाकावर बसली होती. वीस वर्षे डोळ्यांनी गिरवलेले ती आता हातांनी करीत होती. मडके एका अंगाला कलले.

"अगं, तसं नव्हे," म्हणत शिष्य पुढे झाला. गुरूने चिखलाच्या हाताने त्याचे मनगट धरले.

"तू पाण्याला होतास ना? मग पाणीच आण." मग त्याचा आवाज खाली आला. "तू चाकावरून उठलास, पण चिखलात उतरला नाहीस. तुझी परवानगी घेऊन तिनं काय करायचं रे, हात मोकळे नसताना? मीही असाच शहाणा होतो. कारभारणीला म्हटलं होतं, बस की. ती हसली आणि घागर उचलून गेली. तिला हौसच नाही, असं मी चाळीस वर्षं समजत राहिलो. ती गेल्यावर गोवऱ्यांच्या ढिगामागं अकरा बोळकी सापडली. चाकाविना, नुसत्या बोटांनी वळलेली. कच्ची. उचलायला गेलो, तर हातात माती झाली. कुंभार मी, आणि माझ्या घरातली बोळकी भाजायची राहिली."

शिष्याने मान खाली घातली आणि हंडा उचलला.

ते कललेले मडके वाळायला आठ दिवस लागले. आठही दिवस पाणी त्यानेच भरले, माती त्यानेच तुडवली. नवव्या दिवशी भट्टी पेटवताना खुंटीवरचा वाळका हार त्याने जाळाला लावला.

मडके निघाले तेव्हा म्हातारा आला होता. त्याने ते कोमट मडके दोन्ही हातांत धरले, बोटाने वाजवून पाहिले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही.