साखळदंडातल्या होड्या

“विहिरी खोदल्या, वेठ माफ केली... आणखी काय करू या गावासाठी, बाबा?”

विचारणारे राणोजी देशमुख, नदीकाठच्या गावाचे धनी. समोर शेखनबाबा, काठावरच्या पिंपरणीच्या झाडाखाली राहणारे म्हातारे फकीर. देशमुख म्हणजे ताठ माणूस, कुणाच्या दारी जायचे नाहीत. आज मात्र बाबांपुढे मातीतच बसले होते. नदी चढत होती, बांधाला भगदाड पडलं होतं आणि गावात एक माणूस फावडं उचलायला तयार नव्हता.

“हे कधीपासून?” बाबांनी विचारलं.

“होड्या साखळदंडात घातल्या तेव्हापासून. माणसं पलीकडं नवाबाच्या अमलात पळतील, म्हणून घातल्या.”

“त्याआधी किती पळाली होती?”

“...एकही नाही. बाजाराला जायची, दिवेलागणीला परत यायची.”

“आणि आता?”

“आता कामधंदा टाकून सारा गाव काठावर बसतो. पलीकडं बघत.”

बाबा हसले. काठी टेकत उठले.

“कुठं निघालात, बाबा?”

“पलीकडं.”

देशमुखांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. उभ्या हयातीत बाबांनी नदी ओलांडली नव्हती. पलीकडच्या नवाबानं त्यांना न्यायला मेणा पाठवला होता, तोही रिकामाच परत गेला होता.

पण बाबा खरोखरच पाण्यात उतरले. गुडघा... कंबर... छाती. होड्यांवरच्या पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले खरे, पण फकिराला अडवायला कुणाचा हात धजेना.

मग काठावरचा गाव उठला. कुणी हाक दिली नाही. बायका पोरांना कडेवर घेऊन बाबांच्या मागं त्या गढूळ लोंढ्यात शिरल्या. जन्मभर हुकूम सोडून देशमुखांना जे साधलं नव्हतं, ते एक अक्षर न बोलता डोळ्यांदेखत घडत होतं.

“सोडा! अरे, होड्या सोडा!” ते जिवाच्या आकांतानं ओरडले.

साखळ्या खळाखळा गळून पडल्या.

बाबा थांबले, वळले आणि सावकाश काठावर आले. मागोमाग गावही आला. होडीत कुणीच चढलं नाही. दोघंतिघं तर न सांगता बांधाकडं चालू लागले.

देशमुखांनी हात जोडले.

“बसा, बाबा. मी स्वतः होडी वल्हवतो. पलीकडं सोडतो तुम्हाला.”

बाबा कफनी पिळत म्हणाले, “पलीकडं काय आहे रे?”