शेवटाला चार टाके

कराडात त्या दिवशी मालिकांचे दिग्दर्शक रणजित देवस्थळी यांचा सत्कार होता. सभागृहापाशी गाडीतून उतरताना त्यांची पँट मागून टर्रकन फाटली. दोन्ही हात मागे धरून ते समोरच्या शिवणकामाच्या दुकानात शिरले.

"बाई, चटकन चार टाके घाला. पाचशे माणसं खोळंबलीयेत."

दुकानाच्या मालकीण इंदूबाई हावळे यांनी सुई उचलली, चेहरा ओळखला आणि सुई परत ठेवली. "चाळीस आठवडे तुमची ती खुनाची मालिका बघितली. शेवटच्या भागात इन्स्पेक्टर खुन्याचं नाव घ्यायला तोंड उघडतो आणि पडदा काळा! खुनी कोण ते सांगा, मग शिवते."

"तुम्हाला कला कळत नाही, बाई," देवस्थळी छाती फुगवून म्हणाले. "खरा कलावंत शेवट उघडाच ठेवतो. बाकीचं प्रेक्षकांनी समजून घ्यायचं."

"मग जा की तसेच स्टेजवर! तुमचाही शेवट उघडाच आहे. बाकीचं प्रेक्षक समजून घेतील."

तेवढ्यात बाहेर माइकवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. देवस्थळींनी दाराकडे पाहिलं, मागे हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "मेहुणा."

इंदूबाईंनी सुईत दोरा ओवला.