घोगरीची हाळी

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. मला शंभराच्या पुढे मोजता येत नाही, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना तिथवरही येत नाही, हे मला ठाऊक आहे.

एका डोंगराळ मुलखात मेंढपाळांची शाळा होती. तिला भिंतीच नव्हत्या, त्यामुळे खिडकीबाहेर बघितलं म्हणून कुणी मार खात नसे. शिकवायला एकच म्हातारा, त्याला सगळे आजा म्हणत. शिकणारी पोरं मिसरूड फुटायच्या वयाची, आणि पोरी त्या मिसरुडाला हसायच्या वयाच्या.

शाळेची रीत अशी. थंडी पडली की प्रत्येकाला एकसारखी दिसणारी पाच काळी कोकरं मिळत. त्यांना चारायचं, निजवायचं आणि एक हाळी शिकवायची. हाळी म्हणजे कळपाला घालायची साद, पण ती ज्याची त्यानं घडवायची. सराव आपापल्या उतारावर, एकट्यानं. दुसऱ्यानं ऐकायचं नाही.

पळस फुलला की परीक्षा. सगळी कोकरं एका खळग्यात सोडायची. पोरानं दगडी बांधामागे दिसणार नाही असं उभं राहायचं आणि तीनदा हाळी द्यायची. जी कोकरं येतील ती त्याची, आणि वर आजाच्या हातची काठी. काठी नसेल त्याला डोंगराचं कुरण बंद.

त्या वर्षी शाळेत एक गमत्या होता. आजाचा खोकला, सरपंचाची जांभई, कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचा. पोरं हसून लोळायची. मीही लोळलो असतो. पण हसवता हसवता थंडी सरली आणि त्याच्या कोकरांना हाळी शिकवायची राहून गेली.

आणि एक घोगरी होती. तिचा आवाज फुटक्या मडक्यासारखा, म्हणून हे नाव. नाव कुणी ठेवलं? गमत्यानंच, आणखी कोण. गोड हाळी तिला जमेना. मग तिनं त्याच आवाजाची हाळी केली: दोन खोल, खरखरीत सूर, आणि शेवटी जिभेचा एक टक्. चार महिने घसा सुजेस्तोवर घोकली. पाचही कोकरं त्या ‘टक्’ला कान टवकारून धावत सुटायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गमत्या तिच्या उतारावरच्या करवंदीच्या जाळीत लपला. घरी आई काठीची वाट पाहत होती. एकदाच तर ऐकायची, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्याला एकदाच पुरायचं.

परीक्षेत त्याची पाळी आधी आली. बांधामागून दोन खोल सूर निघाले, मग टक्. पाच कोकरं उड्या मारत आली. आजा म्हणाला, “पोरा, एवढी वेगळी हाळी मी उभ्या जन्मात ऐकली नाही,” आणि काठी त्याच्या हातात दिली. ती पाचही कोकरं रीतीप्रमाणे लगेच लांबच्या वाड्यात कोंडली गेली.

मग घोगरी बांधामागे गेली. तिनं तीच हाळी दिली. खळग्यातलं एकही कोकरू हललं नाही.

आजा उठला. “पोरी, ही तर त्याची.”

“आजा, ही माझी आहे.”

“मग तुझी कोकरं कुठं आहेत?”

तिनं गमत्याकडे पाहिलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता. साऱ्या गावाचे आवाज येणाऱ्या त्या पोराला नेमका स्वतःचा आवाज सापडला नाही.

घोगरीला काठी मिळाली नाही. खळग्यात उरलेली पाच अडाणी कोकरं घेऊन ती मावळतीकडच्या, कुणाच्याच नसलेल्या डोंगरात निघून गेली.

गमत्याचा कळप झाला. तो हाळी द्यायचा, कोकरं धावत यायची, त्याचा हात हुंगायची आणि त्याच्या मागे बघायची. कुणीतरी आणखी येणार आहे, असं. दिवस कलला की पाचही कोकरं मावळतीकडे तोंड करून उभी राहायची. चारा समोर असला तरी.

“विसरतील,” तो म्हणायचा. कोकरांच्या मेंढ्या झाल्या, त्यांना कोकरं झाली. तीही तिकडेच बघायला शिकली.

त्यानं स्वतःच्या आवाजात साद घातली, तर एकीनंही मान वर केली नाही. मग रोज तिच्याच आवाजात बोलणं आलं. नकला सुटल्या. एकदा दारात उभं राहून त्यानं आईला हाक मारली, तर आतून आई म्हणाली, “कोण आलंय, बाई?”

त्या दिवशी तो जेवला नाही. या अख्ख्या डोंगरात आपल्याला ओळखणारं एकही जनावर नाही, हे त्याला कळलं. कुणीतरी आपल्या मागे न बघता आपल्याकडे बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या सकाळी त्यानं कळप मावळतीला हाकला. तिसऱ्या डोंगरावर घोगरी भेटली. तिच्याभोवती चांगला मोठा कळप होता.

“काय रे गमत्या, आज कुणाचा आवाज आणलास?” ती म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. “ह्या तुझ्या आहेत. एकदा हाक मार.”

तिनं त्या मेंढ्यांकडे एकदा नीट पाहिलं. मग जुनी हाळी दिली. टक् झालं मात्र, म्हाताऱ्या झालेल्या पाचही मेंढ्या कोकरासारख्या उधळल्या. त्यांची पोरंबाळंही मागोमाग पळाली. एकीनंही वळून पाहिलं नाही.

रिकाम्या हातानं तो आजाकडे आला. काठी पायाशी ठेवली आणि सगळं सांगितलं.

आजाला खोकला आला. खराच. “तू चोरलीस, आणि मी तिला चोर ठरवलं,” तो म्हणाला. ऐंशी वर्षांचा म्हातारा तीच काठी टेकत टेकत तीन डोंगर चढून घोगरीला द्यायला गेला. जाताना गमत्याला एवढंच म्हणाला, “उद्यापासून शाळेत ये. कोकरू एकच मिळेल.”

तर असा तो दाढीवाला गडी पोरांच्या मागे बसू लागला. पोरं त्याच्या नकला करायची. चांगल्या करायची म्हणे.

संध्याकाळी तो आपल्या उतारावर जातो आणि स्वतःच्या गंजलेल्या आवाजात हाळी देतो. कोकरू चरत राहतं. तो पुन्हा देतो. परवा म्हणे कोकराचा एक कान हलला. माशी बसली असेल, असं पोरं म्हणतात. तो मात्र अंधार पडेपर्यंत उभा होता.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मेहनतीवर मिळवलेलं यश आपल्या हाकेला कधीच ओ देत नाही.