राणीसाठी आणलेली वाळवंटातली खार

फार जुन्या काळची गोष्ट. एका हिरव्यागार देशाच्या राजाने वाळवंटातली मुलगी राणी करून आणली. राजा तिला जिवापाड जपायचा. तिच्यासाठी त्याने कारंजी बांधली, कमळांचं तळं खोदलं. राणी सगळं कौतुकाने बघायची, आणि संध्याकाळी एकटीच गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून बसायची.

हिला माहेरची आठवण येते, हे राजाने ओळखलं. मग माहेरच इथे आणावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने वाळवंटात माणसं पाठवली. ती माणसं एक खार पकडून घेऊन आली.

खार बघायला सगळा राजवाडा लोटला, पण ती कुणाच्या मनात भरली नाही. अंग वाळूच्या रंगाचं, केस राठ. दोन्ही कुशींवर एकेक पांढरी रेघ. कान इतके बारीक, की शोधावे लागत. नखं मात्र चांगली लांब.

"ही खार की उंदीर?" एक दासी कुजबुजली.

राणी पिंजऱ्यापाशी धावली. "अगं बाई, तू इथे कशी?" मग ती राजाला भराभरा सांगू लागली, "आमच्याकडे ही झाडावर चढत नाही, महाराज. झाडंच कुठे आहेत? जमिनीत बीळ करून राहते. ऊन भाजायला लागलं, की झुपकेदार शेपूट पाठीवरून डोक्यावर घेते आणि त्या सावलीत खुशाल खात बसते. अगदीच सोसेना, तर बिळात जाऊन गार मातीवर पोट टेकते."

राणीला इतकं बोलताना राजाने प्रथमच ऐकलं. तो खूश झाला.

खारीला चांदीच्या वाटीत सोललेले बदाम दिले. तिने तोंड लावलं नाही. ती पिंजऱ्याचा तळ उकरत राहिली. उकरता उकरता नख तुटलं, रक्त आलं. राजाने गाड्या भरून वाळू मागवली आणि बागेत टाकली. खारीने लगेच बीळ केलं. पण त्या देशात पाऊस सारखा. एक सर आली आणि बिळात पाणी भरलं. माळ्याने तिला बाहेर काढलं, तेव्हा ती भिजून थरथरत होती.

"वाळू आणली. आता कोरडं ऊन कुठून आणू?" राजा हताश होऊन म्हणाला.

"हिला परत सोडा. ही जगायची नाही," राणी म्हणाली.

"आणि तू? तू पुन्हा एकटी पडशील."

"मी एकटी पडू नये म्हणून हिने मरायचं का?"

राजाने पिंजरा आणायला सांगितला. तो स्वतः खारीला पोचवायला निघाला. राणीही सोबत गेली.

वाळवंट आलं. जिकडे तिकडे वाळू, मध्येच एखादं काटेरी झुडूप. राजाचे डोळे चुरचुरू लागले. एका झुडपाखाली बिळं दिसली, तिथे त्याने पिंजरा उघडला. खार क्षणभर वाळू हुंगत राहिली. मग तिने धूम ठोकली. बिळांतून दुसऱ्या खारी बाहेर आल्या, तिच्या नाकाला नाक लावू लागल्या. थोड्या वेळाने तिने शेपूट डोक्यावर घेतलं आणि एक मूळ उकरून खायला सुरुवात केली.

राजाने वळून पाहिलं. राणी चपला काढून अनवाणी उभी होती.

राजा तिच्याजवळ गेला. "राणी, तुला मी असंच कोंडून ठेवलं का गं? इथे राहायचं असेल, तर मी अडवणार नाही."

राणीला हसू आलं, आणि डोळेही भरले. "महाराज, मी काही खार नाही. मला बोलता येतं. तुम्ही कारंजी बांधलीत, तळं खोदलंत, या गरीब जिवाला पकडून आणलंत. पण मला काय हवंय, ते कधी विचारलंत का?"

"नाही विचारलं," राजा म्हणाला. "आता विचारतो."

"मला तुमच्यापाशीच राहायचंय. फक्त दर हिवाळ्यात आईकडे येऊ द्या. आणि तुम्हीही या. पाहुणे म्हणून नको, घरचे म्हणून."

त्यानंतर दर हिवाळ्यात दोघं वाळवंटात येऊ लागली. सासूच्या हातची भाकरी खाताना दाताखाली वाळू येते, म्हणून राजा कुरकुरायचा. पण यायचं त्याने कधी चुकवलं नाही. राणीचं गच्चीवर एकटं बसणं मात्र थांबलं.

आपल्या माणसाला काय हवं, ते आपणच ठरवू नये, त्याला विचारावं.