खिमेनाची पुडी

“बदामांचं सुनेला कळू देऊ नका हं.”

“तिला? कळलं तरी बोलणार आहे थोडीच! तोंड कुठंय तिला?”

सासूसासऱ्यांचं हे बोलणं खिमेनाच्या कानी पडलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं, असं स्पेनमधल्या मोन्तारिल गावच्या तोमासाआजी पाहुण्यांना सांगतात. गावामागचा निमुळता डोंगर दाखवत त्या म्हणतात, हा कुकुरुचो. गुड फ्रायडेला तोंड झाकून तो चढणाऱ्यांची उंच टोकदार टोपीही कुकुरुचो. आणि दाणेवाला कागद वळून देतो ती पुडीसुद्धा कुकुरुचोच. पंडित हा शब्द जुन्या लॅटिन टोपड्यापर्यंत नेऊन पोचवतात. पण टोपीचं नाव पुडीला लागलं कसं, ते आजींनाच विचारावं.

तीन वर्षं पाऊस नव्हता म्हणे. घराघरातलं उरलंसुरलं देवळात आणून वाटून खायचं, असा गावानं नवस केला होता. बदामांची पोती तळघरात दडवून खिमेनाच्या सासऱ्यांनी रिकामे हात दाखवले. लग्नाला दोन महिने झालेली खिमेना त्यांच्या मागे मान खाली घालून उभी होती. शेजारचं तान्हं मूल आता रडतही नव्हतं. ती सारखी तळघराच्या दारापर्यंत जायची नि परत यायची.

गुड फ्रायडेला तिनं नवऱ्याची टोपी चढवली. ती एवढी मोठी, की डोळ्यांची भोकं हनुवटीवर आली. टोपीआडच्या माणसाला नाव विचारायचं नाही, अशी रीत. मिरवणुकीतून जाताना तिनं दारोदार बदामाच्या पुड्या ठेवल्या, टोपीसारख्याच वळलेल्या. घरात दुसरा कागद नव्हता, म्हणून लग्नाआधी नवऱ्यानं लिहिलेली पत्रं वापरली. घाईत एवढंच विसरली, की पत्रांवर तिचं नाव आहे.

सकाळी पाद्रीबुवांनी एक पुडी उलगडून मोठ्यानं वाचायला घेतली, आणि दुसऱ्या ओळीलाच घाईनं घडी घातली. तोवर ‘खिमेना, माझ्या मैने’ सगळ्यांनी ऐकलं होतं. नवरा कानापर्यंत लाल झाला.

आजही मोन्तारिलमध्ये नव्या सुना नवऱ्यानं लिहिलेल्या पत्रांच्या पुड्या वळतात आणि तोंड झाकून वाटतात. आजींच्या मते, पहिल्या पुडीतल्या बदामांपेक्षा खिमेनाचं उत्तर लोकांच्या जास्त लक्षात राहिलं. “घराची अब्रू घालवलीस!” म्हणून सासू ओरडली, तेव्हा ती म्हणाली होती,

“सासूबाई, तळघरात अजून दोन पोती आहेत. माझी पत्रं संपली. आता कागद तुम्ही द्या.”